आरंभच नसेल तर?

विश्व कसे सुरू झाले आणि जीव कुठून आला, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. यॉर्कशायरचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी दोन्ही अंगावर घेतले. त्यांचा आग्रह असा, की सुरुवात शोधण्याचा हट्टच कशाला?

१९४८ मध्ये हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावते खरे, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते, म्हणून त्याचे रूप तेच राहते. पुढच्याच वर्षी बीबीसी रेडिओवर बोलताना हॉयल यांनी, विश्व एका महास्फोटाने सुरू झाले या विरोधी कल्पनेला ‘बिग बँग’ म्हटले. प्रतिपक्षाने ठेवलेले हे नावच शेवटी रूढ झाले! कोल्हापूरचे जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचे शिष्य झाले आणि १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धान्त मांडला. वर्षभरातच पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनाला आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे, सुमारे ३ केल्विनचे प्रारण सापडले. विश्व एके काळी अतितप्त होते, याची ती खूण मानली गेली आणि बहुतेकांनी पक्ष बदलला. हॉयल आणि नारळीकर यांनी नाही. १९९३ मध्ये बर्बिज यांना सोबत घेऊन त्यांनी स्थिर स्थितीची सुधारित आवृत्ती आणली. तिला फारसे अनुयायी मिळाले नाहीत.

तरी हरलेल्या बाजूचे देणे मोठे आहे. महास्फोटच नाही, तर मूलद्रव्ये कुठे शिजली? ताऱ्यांच्या पोटात, हे हॉयल यांचे उत्तर. बर्बिज दांपत्य आणि फाउलर यांच्यासह १९५७ मध्ये लिहिलेला त्यांचा निबंध आज महास्फोटवादीही प्रमाण मानतात. हायड्रोजन आणि बहुतांश हीलियम आरंभीचे, पण आपल्या हाडांतले कॅल्शियम ताऱ्यांचे. १९८३ चे नोबेल फाउलर यांना मिळाले, हॉयल यांना नाही. हा अन्याय होता, असे मला वाटते.

जीवाच्या बाबतीत ओपारिन आणि हाल्डेन यांनी आदिम सागरातल्या रसायनांकडे बोट दाखवले होते. १९५३ मध्ये मिलर यांनी वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळवलीही. हॉयल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंघे मात्र म्हणाले, जीव धूमकेतूंवरून आला. यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की मग तिथे तो कसा आला? पण अनादि विश्वात हा आक्षेपच बोथट होतो. विश्वाला आरंभ नसेल, तर जीवालाही तो असायलाच हवा असे नाही. हॉयल यांच्या दोन्ही हट्टांचा सांधा इथे आहे. एक निखळला की दुसराही डळमळतो.

जीव खरोखरच वरून येतात का, हे पाहायला नारळीकरांनी मात्र युक्तिवादावर न थांबता प्रयोग केला. जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. २००५ च्या दुसऱ्या फेरीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉयल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. हे जीव परग्रहीय असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे इस्रोनेही स्पष्ट सांगितले. पुढे आर्यभटाच्या नावाची जात ब्राझीलमध्ये निवडुंगाच्या मुळांशी आढळली आणि आता ती तिथे मक्याला दुष्काळ सोसता यावा म्हणून वापरतात.