तीन वर्षं फक्त नाटक

मुलगी नाटकात काम करते याचं मराठी घरात कौतुक होतं. तीच ‘मला नाटकात पदवी घ्यायचीय’ म्हणाली, की सगळ्यांचे चेहरे बदलतात. यामागे आपला इतिहास आहे. आपली बरीच नटमंडळी स्पर्धांत घडली. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा, १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक. मग वर्गात बसून नाटक शिकायचं कशाला?

स्पर्धेनं शिस्त दिली, वेळेचं भान दिलं. पण तारीख डोक्यावर असली, की हातखंडा असेल तेच माणूस पुन्हा करतो. न जमणारं शिकायला सवड लागते, आणि माझ्या मते पदवीची खरी कमाई तीच.

ही सवड काय करू शकते, हे इब्राहिम अल्काझींनी दाखवलं. जन्म पुण्यातला, १९२५ सालचा. नाट्यशिक्षण लंडनच्या ‘राडा’ या नाट्यसंस्थेत. मुंबईत विजया मेहता त्यांच्याकडे शिकल्या. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रं त्यांनी १९६२ मध्ये घेतली आणि १९७७ पर्यंत सांभाळली. ‘मी अभिनयाचा विद्यार्थी, सुतारकाम माझं नव्हे’ ही सबब तिथं चालत नसे. दिल्लीच्या रवींद्र भवनाच्या आवारात वडाच्या झाडाजवळ ‘मेघदूत’ हा खुला रंगमंच उभा राहिला, त्यात विद्यार्थ्यांचेही हात राबले. ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींपुढे झालं, ‘तुघलक’ पुराना किल्ल्यात. रोहिणी हट्टंगडी आणि जयदेव हट्टंगडी याच शाळेतून मराठी रंगभूमीवर आले.

अशा शिक्षणात एक साधी गोष्ट फार मोलाची असते. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीनं नेपथ्याचा आराखडा आखतात: इथं दार, इथं पायरी, इथं पलंग. नवखा नट बोलताबोलता ‘भिंती’तून आरपार जातो. दिग्दर्शक थांबवतो, पुन्हा मागून यायला लावतो. काही दिवसांनी न दिसणारं दार उघडताना त्याचा हात आपोआप कडीच्या उंचीवर जातो. उद्या तो प्रकाशयोजना करायला बसला, तर नट कुठल्या पायरीवर थबकणार हे त्याला ठाऊक असतं.

असं शिक्षण देणारं पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ चं. १९९६ ते २००९ त्याची धुरा सतीश आळेकरांकडे होती. ‘महानिर्वाण’चा हा लेखक शिक्षणानं जीवरसायनशास्त्राचा, नाटक शिकला तो हौशी संस्थांत आणि तालमींत. अशा माणसानं ऐन उमेदीची वर्षं पुढच्यांना रीतसर शिकवण्यात घालवावी, याला मी फार मोठी साक्ष मानतो.

नोकरीची हमी ही पदवी देत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावं. प्रवेशाआधी मात्र नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या यादीत रमू नये. विभागाला स्वतःचा रंगमंच आहे का, दिव्यांना आणि हत्यारांना विद्यार्थ्यांचा हात लागतो का, आणि फसलेल्या प्रयोगावर दुसऱ्या दिवशी सगळे मिळून बोलतात का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारावं.