गोळी नेमकी कुणाला लागते?

"गोळी तर पोटात जाते, मग फुप्फुसातला जंतू तिला सापडतो कसा?" क्षयाचे औषध चालू असलेल्या घरांतून आम्हाला हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. उद्यमनगरच्या फाउंड्रीत वाळूची धूळ छातीत घेणारे आपले कामगार बांधव तर हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

गोळी कुणाला शोधत नसते. ती रक्तातून सर्वत्र फिरते आणि जुळणारे प्रथिन भेटले की त्याला चिकटते. प्रथिने म्हणजे पेशीतले कामकरीच. रिफाम्पिसिन, म्हणजे लघवी तांबूस करणारे ते औषध, जंतूच्या जनुकांची नक्कल काढणाऱ्या प्रथिनावर बसते. नक्कल थांबली की जंतूचा कारभार आटोपला. माणसाचे हे प्रथिन वेगळ्या घडणीचे, म्हणून आपण वाचतो.

गंमत अशी, की पुष्कळदा औषध आधी सापडते आणि त्याचा नेम कुठे लागतो ते मागाहून कळते. आयसोनियाझिड 1952 पासून वापरात आहे. पण जंतूचे मेणचट कवच बनविण्यास लागणारे जे प्रथिन ते बंद पाडते, ते 1994 साली उजेडात आले.

बेडाक्विलिन या नव्या औषधाचा शोध 2005 साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी औषधातूनही तगलेले जंतू वाढवले व त्यांची जनुके मूळ जंतूंशी ताडून पाहिली. आम्ही कारकून दोन खतावण्या शेजारी ठेवून फरकाची रक्कम हुडकतो, तसेच हे. फरक निघाला जंतूला ऊर्जा पुरविणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात. ते बदललेले जनुक साध्या जंतूत घातले, तर तोही औषधाला दाद देईना! दुसरी एक रीत आहे: औषध घट्ट पदार्थावर चिकटवून त्यावरून जंतूंचा अर्क सोडायचा. धुतल्यावर जे प्रथिन चिकटून राहील, ते औषधाचे गिऱ्हाईक.

प्रयोगशाळेत जे मुद्दाम घडवतात, तेच मध्येच गोळ्या सोडणाऱ्याच्या छातीत घडते. साधे जंतू मरतात, बदललेले उरतात आणि वाढतात. बरे वाटू लागले म्हणून दोन महिन्यांत डबी फडताळात ठेवणारे आम्ही कितीतरी पाहिले.

रिफाम्पिसिनचे लक्ष्य ठाऊक असल्यामुळेच 'सीबीनॅट' तपासणी शक्य झाली. त्या प्रथिनाच्या जनुकातील नेमकी तेवढीच जागा वाचून हे यंत्र सुमारे दोन तासांत सांगते, की औषध लागू पडेल की नाही. सरकारी क्षय कार्यक्रमात ती मोफत होते; कोल्हापूरकरांनी सी.पी.आर.मध्ये चौकशी करावी. बेडका मात्र खोल खाकरून काढलेला द्यावा, नुसती थुंकी चालत नाही.