पापणी पाहण्याचा दिवस

पहाटे साडेपाच
येलहंका न्यू टाउनातून यावेळी निघालं की राजानुकुंटेपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. गाडीत बर्फाचा डबा, हातमोजे आणि लटकता वजनकाटा. बंगळूरचा मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो. तो सरत आला की आमचा जंतांचा हंगाम सुरू. मी जत तालुक्यातली, पशुवैद्यकी मात्र इथल्या कळपांवर चालते. 2019 च्या पशुगणनेत कर्नाटकात 1 कोटी 11 लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या, महाराष्ट्रात सुमारे 27 लाख. काम कमी पडत नाही.

सव्वासहा
गवत दवाने भिजलंय आणि कळप सुटायच्या बेतात आहे. "अण्णा, जरा ऊन येऊ द्या." या ओलीवरच जंतांच्या अळ्या पात्यांवर चढतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. अण्णांना ऊन तापायच्या आत मेंढ्यांची पोटं भरायची असतात, तेही खोटं नाही. शेवटी अर्धा तास थांबायला तयार होतात.

तेवढ्यात लेंड्या घेते. जमिनीवरच्या चालत नाहीत. मोज्याचं बोट घालून थेट आतून काढायच्या, पिशवीतली हवा दाबून काढायची आणि बर्फात ठेवायच्या. उबेला राहिल्या तर अंडी फुटतात आणि मोजणी फसते.

मग पापण्या. वरच्या पापणीवर अंगठ्याने हलका दाब द्यायचा, खालची ओढायची, आतला रंग तक्त्याशी ताडायचा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या या 'फमाचा' तक्त्यावर पाच रंग आहेत, लालबुंदपासून पांढऱ्याफटकपर्यंत. एका मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, हाताला थुलथुलीत लागतं. पापणी पांढरी. घरातल्या अज्जी म्हणतात, यंदा गवतात दम नाही. गवत गुडघ्याला लागतंय.

दम खातोय तो हिमॉन्कस. चौथ्या पोटात राहणारा, सुईएवढ्या जाडीचा गोलकृमी. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. हजार जंत धरले तर 50 मिलिलिटर, आणि 30 किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. वर त्याची मादी रोज पाच ते दहा हजार अंडी घालते.

साडेआठ
वजन. हे काम कुणालाच आवडत नाही, मेंढीला तर नाहीच. पण अंदाजाने औषध पाजलं की ते बहुधा कमी पडतं, आणि कमी औषधात न मेलेले जंतच पुढची पिढी वाढवतात. पांढऱ्या पापणीच्या तेवढ्यांना औषध, बाकीच्यांना नाही. अण्णांना हे कंजूसपणाचं वाटतं. सगळ्यांना एकदम पाजलं तर कुरणात फक्त औषधाला न जुमानणाऱ्यांचीच अंडी पडतील, हे मोडक्या कन्नडमध्ये समजावते.

घरातला मुलगा दप्तर घेऊन निघालाय. 2015 पासून शाळा-अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास, 1 ते 19 वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. हेच औषध मेंढ्यांनाही चालतं. त्याची आई अनवाणीच कोठा झाडतेय. अंकुशकृमी ओल्या मातीतून तळपायाच्या कातडीत शिरतो, रक्त पितो, थकवा आणतो. गरोदरपण सोडलं तर तिच्या वयाला अशी गोळी कोणी आणून देत नाही. जगात दीडशे कोटींवर माणसांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा, एवढं मी सांगून ठेवते. माझा अधिकार तेवढाच.

साडेअकरा
घरामागच्या खोलीत खडेमीठ उकळून तळाशी मीठ उरेपर्यंत विरघळवलेलं पाणी तयार असतं. जड मिठाच्या पाण्यात अंडी तरंगतात. 3 ग्रॅम लेंड्या, 42 मिलिलिटर द्रावण. कुस्करायचं, गाळायचं, मॅकमास्टरच्या काचेत भरायचं, पाच मिनिटं हलवायचं नाही. दोन्ही खणांतली अंडी मोजून 50 ने गुणायची. आज त्या मेंढीची 61 भरली, म्हणजे दर ग्रॅमला 3,050. नवऱ्याने खोलीत पाऊल न टाकण्याचं व्रत घेतलंय, त्यामुळे डबा आपला आपण वाढून घ्यायचा.

दोन
इथून जवळ, रामगोंडनहळ्ळीत, पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची 'निवेदी' संस्था आहे. ती देशभरासाठी रोगांचा अंदाज दोन महिने आधी सांगते. त्या यादीत पर्णकृमीही आहे, तलावाकाठच्या गोगलगायीतून जनावराच्या यकृतात जाणारा. तळ्याकाठी चरणाऱ्या कळपांचे मालक मग मी फोनवर एकेक गाठते.

रात्री नऊ
जतहून चुलतभावाचा फोन. "ताई, तीनदा पाजलं, तरी मेंढरं सुधरंनात."

"वजन केलंस?"

"नजरंनं."

"आणि तिन्ही वेळेला एकच औषध?"

"व्हय, तेच."

आता सांगितलंय: काट्यावर वजन कर, पाजायच्या दिवशी आणि पुन्हा चौदाव्या दिवशी लेंड्या तपासून आण. अंडी 95 टक्के घटली नसतील, तर ते औषध त्याच्या कळपात निकामी झालंय. बदलायचं ते डॉक्टरला विचारून. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येकाला माझी हीच विनंती आहे. बाटली उघडण्याआधी पापणी बघा.