दोन्ही टोकांची माया

"काहून बे, आज एवढ्या लवकर येऊन राह्यला?" हे वाक्य मुंबईच्या डबिंग स्टुडिओत एखाद्या कसलेल्या कलाकाराकडून बोलवून घ्या. शब्द सगळे येतील, पण 'राह्यला'वरचा हेल येईलच याची खात्री नाही. अभिनेते भारत गणेशपुरेंमुळे वऱ्हाडी बोली टीव्हीवरून घरोघरी पोचली खरी, पण पडद्यावरची पुष्कळशी वऱ्हाडी अजूनही नकलेसारखीच वाटते. म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या वावरात किंवा खंडेश्वराच्या जुन्या मंदिरापाशी कुणी चित्रीकरण करत असेल, तर माणसं जिथे बोलली तिथलाच आवाज जपणं हा शहाणपणाचा मार्ग. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अशाच जागेवरच्या ध्वनिमुद्रणासाठी.

आवाज नीट रेकॉर्ड झाला म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. एडिटर चित्राबरोबर आवाजही कापतो आणि मग ते सगळे तुकडे आवाजाचं मिक्सिंग करणाऱ्याकडे जातात. एडिटर प्रीमियर या सॉफ्टवेअरवर बसलेला, मिक्सिंगवाला प्रो टूल्स या दुसऱ्याच सॉफ्टवेअरवर. दोघांच्या मध्ये एक फाइल असते. तिचं नाव एएएफ.

प्रभात फिल्म कंपनीच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रूपात होता. 1932च्या 'अयोध्येचा राजा'चा आवाज फिल्मवरच छापला जाई. पट्टी हातात धरता येई, कुठे कापली ते डोळ्यांना दिसे. संगणकावरच्या संकलनात काहीच कापलं जात नाही. मूळ रेकॉर्डिंग जागच्या जागी राहतं, टाइमलाइनवर फक्त नोंद असते: अमुक फाइल, इथून इथपर्यंत, अमुक क्षणी वाजवायची. एएएफ म्हणजे या नोंदींची वही. हवं तर सोबत आवाजही बांधून देता येतो.

तिच्या आधी ओएमएफ होती. आवाज आत बांधायचा तर तिची मर्यादा दोन जीबीची. दीड तासाच्या चित्रपटाचा 48 किलोहर्ट्झ, 24 बिटचा एक मोनो ट्रॅक सलग धरला तर जवळपास 780 एमबी भरतो. म्हणजे तीन पूर्ण ट्रॅकही मावत नाहीत. मग चित्रपटाचे भाग पाडून पाठवणं आलं. 2000च्या सुमारास पुढे आलेल्या एएएफने हा जाच कमी केला. तरी जुनी सवय म्हणून ओएमएफ मागणारे अजून भेटतात.

फाइल बनवताना एक रकाना येतो, हँडल्सचा. घाईत त्याच्याकडे कुणी बघत नाही. शिंपी जशी शिवणीत माया ठेवतो, तसा इथे प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना न वापरलेला आवाज ठेवायचा असतो. समजा, एडिटरने वरचं वाक्य 'राह्यला'च्या शेवटच्या अक्षरावर कापलं आणि पुढचा शॉट लावला. पहिल्या शॉटमागे वारा आणि लांबवर ट्रॅक्टर, दुसऱ्यामागे नुसता वारा. सांधा ऐकताच कानाला ठेच लागते. पाच सेकंदांची माया असेल तर मिक्सिंगवाला तुकड्याची कड पुढे ओढतो, बोलणाऱ्याचा सुटलेला श्वास परत आणतो आणि ट्रॅक्टर हळूहळू विरवतो. ती नसेल, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. मग डबिंग, आणि पुन्हा ती नकलेची वऱ्हाडी.

तुकड्यांच्या जागा, नावं, आवाजाची पातळी, साधे फेड हे बहुतेक वेळा पलीकडे सुखरूप पोचतं. एडिटरने हौसेने लावलेले घुमारे आणि फिल्टर सहसा पोचत नाहीत. न पोचलेलेच बरे, कारण ते काम पुढच्याचं आहे. वेग कमी-जास्त केलेले तुकडे मात्र आधी पक्के करून द्यावेत.

खरा घोळ फ्रेमच्या वेगात होतो. 24 आणि 23.976 कागदावर सारखेच वाटतात, पण तासाभरात 3.6 सेकंदांचा फरक पडतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. मोबाइलवर केलेल्या चित्रीकरणात तर वेग मधेच बदलत राहतो. ते संकलनाआधीच ठरावीक वेगात बदलून घ्यावं लागतं. यावरचा जुना उपाय आजही उत्तम: चित्र सुरू होण्याआधी बरोबर दोन सेकंदांवर एका फ्रेमची 'पीप', आणि सोबत टाइमकोड छापलेला हलका व्हिडिओ. पीप जुळली की निदान सुरुवात तरी बरोबर. शेवटीही एक टाकली की मधला घसरा लगेच कळतो.

दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 2017पासून फेअरलाइट हा मिक्सिंगचा भाग आतच आहे. एकटाच माणूस दोन्ही कामं करणार असेल तर त्याला एएएफची गरज नाही, आणि गावात बसून लघुपट करणाऱ्या पोरांना मी तेच सुचवेन. चित्रपटगृहासाठी मिक्स करायचा झाला की पुण्या-मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागतो आणि फाइल आलीच.

ती पाठवण्याआधी "लॉक झालं ना?", म्हणजे संकलन आता बदलणार नाही ना, असं विचारतात. दिग्दर्शक हो म्हणतो आणि आठवड्याने एका प्रसंगातले दोन सेकंद काढतो. मग तिथून पुढचं सगळं सरकवणं आलं. त्याचे पैसे कोण देणार, हे आधीच बोलून घ्यावं.

तयार मिक्स परत घेताना संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे मागावेत. उद्या हिंदीत डब करायचं ठरलं तर संवाद तेवढे बदलतील. बैलांचे घुंगरू आणि पऱ्हाटीतला वारा नांदगावचाच राहील.