सर्वोचा मध्य बाहेर काढा

दोन चाकांचा छोटा रोबो टेबलावर ठेवलाय, प्रोग्रॅममधून त्याला थांबायला सांगितलंय, तरी तो गोगलगाईसारखा सरकतोच आहे. साधा सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर, उघडून तो चाकासाठी गोल फिरता करणाऱ्यांना हे दृश्य चांगलंच ओळखीचं आहे. मग ‘सर्वो खराब निघाला’ म्हणून तो डब्यात जातो. मुलांच्या हातून असे चांगले सर्वो वाया जाताना मला फार वाईट वाटतं.

मुळात समज असा की गिअरवरचा प्लॅस्टिकचा खुंट कापला की काम झालं. खुंट कापावा लागतोच. पण 9 ग्रॅमच्या एसजी90सारख्या सर्वोत शेवटच्या गिअरच्या पोटात पोटेन्शिओमीटरची, म्हणजे पॉटची, दांडी घट्ट बसलेली असते. गिअर किती वळला हे आतल्या सर्किटला त्या पॉटवरूनच कळतं. पॉटलाही स्वतःचा अटकाव असतो. दांडी सोडवली नाही, तर गिअर तिथे अडेल किंवा पॉट तुटेल.

दांडी सोडवून पॉट मधोमध ठेवला की सर्किट समजतं, आपण कायम मध्यावरच आहोत. मध्याचा, म्हणजे 1500 मायक्रोसेकंदांचा, सिग्नल आला की करण्यासारखं काही उरत नाही. 1700 आला की फरक दिसतो, तो मिटवायला मोटर फिरते, आणि फरक मिटतच नाही म्हणून फिरत राहते. त्यामुळे असा सर्वो कोन पाळेल ही आशा सोडावी. आता त्याला फक्त दिशा आणि वेग कळतो. वेगही मध्याच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच कमीजास्त होतो, पुढे तो पूर्ण जोरात पळतो.

सगळ्यात जास्त त्रास देणारा सल्ला मात्र वेगळाच आहे: पॉट काढा, दोन सारखे रेझिस्टर लावा, मध्य कायमचा पक्का! सोनेरी पट्टीचा 2.2 किलोओहमचा रेझिस्टर 5 टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे 2.09 ते 2.31 पर्यंत काहीही. जोडीतला एक वर आणि दुसरा खाली निघाला तर मध्य दहापेक्षा बऱ्याच जास्त मायक्रोसेकंदांनी सरकतो, आणि सर्वो ज्याकडे दुर्लक्ष करतो तो फरक साधारण 5 ते 10 मायक्रोसेकंदांचाच असतो, म्हणून थांबायला सांगूनही चाक सरकतं. शिवाय चूक सुधारायची तर पुन्हा चारही स्क्रू काढून सर्वो उघडायचा.

त्यापेक्षा मध्य बाहेर काढावा. पॉटच्या तीन टोकांच्या जागी तीन छोट्या वायरी सोल्डर करा, खोक्याला छिद्र पाडून त्या बाहेर घ्या आणि अनेक फेऱ्यांचा 5 किलोओहमचा ट्रिमपॉट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट, जोडा. मधली वायर ट्रिमपॉटच्या मधल्या पायालाच जायला हवी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मागताना त्यावरचा आकडा सांगा: 502. गोल फिरणारे तयार सर्वोही याच विचाराने बनतात. पॅरालॅक्स कंपनीच्या अशा सर्वोला स्क्रू ड्रायव्हर घालायला खोक्यातच छिद्र दिलेलं असतं.

आता उरतो ‘90 म्हणजे मध्य’ हा समज. आर्डुइनोच्या सर्वो लायब्ररीची ठरलेली मर्यादा 544 ते 2400 मायक्रोसेकंद आहे, त्यामुळे राइट(90) लिहिल्यावर 1472च्या आसपासचा सिग्नल जातो. मध्य 1500वर लावून प्रोग्रॅममध्ये 90 लिहिलं तर रोबो सरकणारच. राइटमायक्रोसेकंड्स(1500) वापरा आणि दोन्ही चाकांना तोच आकडा ठेवा. एक चाक उलटं फिरवायचं असेल तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. ट्रिमपॉटची बाहेरची टोकं बदलून चाकाची दिशा बदलत नाही.

1500 चालू ठेवून ट्रिमपॉटचा स्क्रू चाक निमूट थांबेपर्यंत हळूहळू फिरवा. मग सर्वो दहा मिनिटं पळवून गरम होऊ द्या, परत थांबवून पाहा, गरज पडली तर किंचित फिरवा, आणि त्यानंतरच स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब सोडा.