स्थिर छायाचित्रांतून हलते चित्र

वाटाण्याचा दाणा रुजतो, त्याला कोंब फुटतो आणि वेल वर चढतो. ही वाढ सर्वांना ठाऊक असते. मात्र ती प्रत्यक्ष घडताना कोणासही दिसत नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी ती पडद्यावर घडताना दाखविली. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांनी लंडनहून आणलेला कॅमेरा रोपासमोर ठेवला व ठरावीक कालावधीने एकेक चौकट टिपली. ती फीत सलग चालविताच अनेक दिवसांची वाढ क्षणांत उलगडली. 'अंकुराची वाढ' या लघुपटामुळे भांडवल मिळणे सुकर झाले व ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. पुढे 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी हेच तत्त्व आगकाड्यांसाठी योजिले.

हेच काम आज शाळेतील साध्या संगणकावर करता येते. त्यासाठी लागणारी 'जिंप' ही छायाचित्र-संपादनाची आज्ञावली विनामूल्य मिळते. तथापि, यशापयश आज्ञावलीपेक्षा छायाचित्रणावर अधिक अवलंबून असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागेचेच उदाहरण घ्यावयाचे तर, ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरील एक डोळा निवडावा. कॅमेरा वा मोबाइल रोज त्याच जागी, त्याच उंचीवर व त्याच वेळी ठेवून एक छायाचित्र घ्यावे. जमिनीत खुंटी रोवून त्यावर ठेवण्याची जागा आखून घेतल्यास उत्तम. कॅमेरा बोटभर सरकला, तरी फुटवा वाढण्याऐवजी संपूर्ण बाग थरथरल्याचा भास होतो.

तीस छायाचित्रे जमल्यावर ती क्रमांक देऊन जिंपमध्ये एकाच वेळी थरांच्या रूपात उघडावीत. पहिले छायाचित्र सर्वांत खाली असावे, कारण थर खालून वर या क्रमाने दिसतात. रुंदी सुमारे ४८० बिंदूंपर्यंत कमी करावी. मूळ आकार ठेवल्यास फाइल अवजड होते. त्यानंतर 'निर्यात' हा पर्याय निवडून नावाच्या शेवटी 'जीआयएफ' हे विस्तारनाम द्यावे. पुढील चौकटीत 'चलचित्र म्हणून' या पर्यायावर खूण करावी. ती राहून गेल्यास सर्व थर एकात मिसळून एकच स्थिर चित्र हाती येते. प्रत्येक थरासाठी २०० मिलिसेकंद ठेवल्यास तीस चित्रे सहा सेकंदांत दिसतात. अखंड पुनरावृत्तीची सोयही तेथेच असते. मूळ थर पुढे सुधारता यावेत यासाठी जिंपच्या स्वतःच्या स्वरूपातील प्रत वेगळी जतन करावी.

जीआयएफ हे स्वरूप १९८७ मध्ये प्रचारात आले. त्याच्या एका चौकटीत २५६ पेक्षा अधिक रंग सहसा मावत नाहीत व ध्वनी मुळीच नसतो. सूर्यास्ताच्या छटा त्यात पट्टेदार दिसतात. रेखाचित्रे व आकृत्या मात्र स्वच्छ उमटतात. विहिरीच्या पाण्याची महिनावार पातळी ग्रामसभेत दाखविण्यास ते म्हणूनच सोयीचे आहे. अशा चित्रावर प्रत्येक चौकटीची तारीख अवश्य लिहावी. मधले दोन महिने गाळले, तर उतरणारी पातळी एकाएकी कोसळल्यासारखी दिसते आणि पाहणाऱ्यास ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.