पावतीवरची कोरी ओळ

ह्यूस्टनच्या रेस्टॉरंटात जेवण आटोपलं की काळ्या फोल्डरमधून दोन पावत्या येतात, एक आपली आणि एक त्यांची. तोवर कार्ड आत जाऊन परतलेलं असतं. छापील रकमेखाली दोन ओळी कोऱ्या असतात: टिप आणि टोटल. बडीशेपेच्या वाटीत सुटे पैसे ठेवून उठणाऱ्या आपल्या माणसाचं पेन इथे थबकतं.

आकडा काढायची तिथली युक्ती सोपी आहे. ह्यूस्टनमध्ये विक्रीकर ८.२५ टक्के. त्याची दुप्पट साडेसोळा टक्के, वर थोडी भर घातली की झालं. अठरा ते वीस टक्के ही तिथली रीत.

माझी भाची तिथलीच, कॉलेज सांभाळून सर्व्हरचं काम करते. तिला न्यायला गेले की मागच्या बाकावर बसून मी तिचा शेवटचा तास बघते. गिऱ्हाईक गेलेलं असतं, पण काम उरतंच. दुसऱ्या दिवसासाठी काटे-सुऱ्या नॅपकिनमध्ये गुंडाळायच्या, केचपच्या बाटल्या भरायच्या. मग ती सह्यांच्या पावत्यांची चळत घेऊन पडद्यासमोर उभी राहते आणि प्रत्येक टेबलाची टिप हाताने चढवते. कार्ड घासलं तेव्हा बँकेने फक्त बिलाची रक्कम अडवून ठेवलेली असते; टिप धरून खरी रक्कम त्यानंतर जाते. घरी पोचल्यावर कार्डावर आकडा वाढलेला दिसतो आणि आपली मंडळी ‘फसवलं’ म्हणून फोन करतात, त्याचं कारण हे. अक्षर हा वेगळाच ताप. एक की सात, यावर दोघी-तिघी डोकी जोडून बसतात.

हे सगळं एवढ्या गांभीर्याने चालतं, कारण पगार जवळपास तिथूनच येतो. टेक्सासमध्ये टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं. हा केंद्रीय आकडा १९९१पासून हललेला नाही. साधं किमान वेतन ७.२५ डॉलर, तेही २००९पासून तिथेच. मधला फरक टिपांनी भरून निघतो असं धरलेलं आहे. आठवड्याच्या हिशेबात नाही निघाला तर मालकाने भरायचा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत ही सूट नाही, तिथे सर्व्हरलाही पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. पण गिऱ्हाइकाकडून अपेक्षा तिथेही तेवढीच असते, हे मला अजून पटलेलं नाही.

टिप सगळी तिची नसतेच. टेबल पुसणारा, ताटं आणणारा, बारमागचा, सगळ्यांचा वाटा त्यातून निघतो. मॅनेजर आणि मालकाला मात्र २०१८च्या दुरुस्तीनंतर त्याला हात लावता येत नाही. तिच्याकडे हा वाटा टिपेवर नव्हे, विक्रीवर ठरतो: चार टक्के. म्हणजे १२० डॉलरच्या टेबलाने काहीच ठेवलं नाही, तरी ४.८० डॉलर तिने द्यायचेच, दुसऱ्या टेबलांच्या टिपांतून. न दिलेली टिप शून्य नसते, उणे असते. ‘सर्व्हिस आवडली नाही’ म्हणून ओळ कोरी सोडणाऱ्याला हे ठाऊक नसतं, आणि ताट गार आलं यात बऱ्याचदा दोष स्वयंपाकघराचा असतो.

आठ-दहा जणांचा मराठी घोळका आला की बिलात १८ टक्के आधीच लावलेले असतात. खाली टिपची ओळ तरीही छापलेली असतेच, तेव्हा पावती वाचूनच पेन उचलावं. ही सक्तीची रक्कम करखात्याच्या लेखी टिप नसून पगार आहे. त्यामुळे टिपांवर २०२५पासून मिळणारी प्राप्तिकराची सवलत या रकमेला लागू नाही.

टिपची ही पद्धत मोडून पाहिलेली आहे. न्यूयॉर्कच्या डॅनी मेयर यांनी २०१५मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद करायची ठरवली, पदार्थांचे भाव वाढवले. कमाई घटली म्हणून बरेच जुने सर्व्हर सोडून गेले. २०२०मध्ये टिप परत आली.

मी भाचीला विचारलं, तुला चालेल का गं तसं? पावत्यांवरून नजर न काढता ती म्हणाली, “सोमवारी चालेल, मावशी. शुक्रवारी नको.”